लक्ष्मी विलास: बडोद्याचा राजवाडा आणि त्याचं आवार

[फाटकातून आत येणारा रस्ता, झाडांमागून दिसणारे घुमट]

कवळाणे. नाशिक जिल्ह्यातलं मालेगावजवळचं एक गाव. १८७५ साली तिथला गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि बडोद्याच्या गादीवर बसवला. तो मुलगा म्हणजे सयाजीराव गायकवाड, तिसरे. आणि १८९० साली बांधून पुरा झालेला हा लक्ष्मी विलास राजवाडा त्यांचं घर.

घरच म्हणायचं, कारण गायकवाड कुटुंब आजही इथेच राहतं. आपल्याला दिसतो तो वाड्याचा काही भाग.

[दर्शनी भाग, मनोरा]

हा बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट आहे, असं इथे येणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पडतं. त्यातून आकाराचा अंदाज येतो, बाकी काही नाही. त्यापेक्षा समोर उभं राहून दर्शनी भाग नीट बघा. इकडे राजपुती छत्र्या, तिकडे मुघल धाटणीच्या कमानी, मध्येच गुजरातच्या मंदिरांतली नक्षी. सोनगडचा पिवळसर दगड, आग्र्याचा लाल दगड आणि आपल्या पुण्याकडचा निळसर काळा. खरं सांगायचं तर बाहेरून हा राजवाडा जरा जास्तच बोलतो. डोळा कुठे स्थिरावत नाही.

आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा न्यू पॅलेस पाहिला असेल, तर हा हात ओळखीचा वाटेल; तोही त्यांचाच. मँट १८८१ साली वारले, बडोद्याचं काम अर्धवट असताना. आपली गणितं चुकली, इमारती कोसळणार, या धास्तीनं त्यांनी जीव दिला, अशी कथा सांगितली जाते. कथेचं काहीही असो, वाडा ठणठणीत उभा आहे. उरलेलं काम रॉबर्ट चिझम यांनी तडीस नेलं.

[दरबार हॉल: जमीन, मग रंगीत काचा, मग वरचे सज्जे]

आता आत. हा दरबार हॉल. बाहेरची सगळी गजबज इथे मिटते. पायाखाली व्हेनिसच्या पद्धतीची मोझेक फरशी. खिडक्यांच्या काचा बेल्जियमच्या, पण त्यांच्यावरच्या कथा आपल्या पुराणांतल्या. इथे दरबार भरत, गाण्याच्या मैफली होत. उस्ताद फैयाज खाँ बडोद्याचे दरबारी गवई होते.

जरा वर बघा. ते नक्षीदार लाकडी सज्जे राजघराण्यातल्या बायकांसाठी. त्यांनी तिथे आडोशाला बसायचं आणि खालचा सोहळा बघायचा. राजवाड्याचे मुळातच तीन भाग पाडलेत: दरबारी कामकाजाचा, महाराजांचा आणि राणीवशाचा. वाड्याचं नाव सयाजीरावांच्या पहिल्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावरून पडलं असं मानतात. सासरचं नाव चिमणाबाई. माहेर तंजावरच्या मराठ्यांचं. लग्नात त्यांच्यासोबत तिथले नर्तक आणि वादक बडोद्याला आले आणि भरतनाट्यम गुजरातेत पोचलं. १८८५ साली त्या गेल्या. त्यांच्या नावाचा वाडा पुरा झालेला त्यांनी पाहिला नाही.

दुसऱ्या महाराणी, त्याही चिमणाबाईच, या सज्ज्यांच्या आड फार काळ राहिल्या नाहीत. त्यांनी पडदा सोडला. १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा अध्यक्षस्थानी त्याच होत्या. दरबार हॉलमध्ये बहुतेकांच्या नजरा फरशीवर असतात. मला विचाराल तर या सज्ज्यांखाली दोन मिनिटं जास्त थांबावं.

[बाग, गोल्फचं मैदान, पायऱ्यांची विहीर]

बाहेरचं आवार शेकडो एकरांचं. बागांची आखणी विल्यम गोल्डरिंग यांची. लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेला हा माणूस. गोल्फचं मैदान नंतरचं, सयाजीरावांचे नातू प्रतापसिंहराव यांच्या काळातलं. मोतीबागेचं क्रिकेट मैदानही याच आवारात. आणि एका बाजूला नवलखी वाव. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जाणारी ही विहीर पंधराव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे राजवाड्याहून चारशेपेक्षा जास्त वर्षांनी जुनी. तेव्हा इथे गायकवाड नव्हते आणि मराठेही नव्हते.

[छोटं इंजिन, संग्रहालयाची इमारत]

ही मोतीबागेतली जुनी शाळा, राजघराण्यातल्या मुलांसाठी बांधलेली. मुलांना इथवर आणायला आवारात छोटी रेल्वे धावायची. तिचं इंजिन पाहायला मिळतं. शाळेच्या इमारतीत आता महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे. राजवाडा हिंडून पाय दुखायला लागलेले बरेच लोक इथे न येताच परत फिरतात. तसं करू नका.

[राजा रविवर्मा यांची चित्रं, एकेक करून]

कारण रविवर्मा इथे आहेत. १८८८ साली सयाजीरावांनी त्यांना राजवाड्यासाठी पुराणकथांवरची चौदा चित्रं सांगितली. अर्जुन-सुभद्रा, विश्वामित्र-मेनका… सुभद्रेच्या लुगड्याचा काठ बघा, तिचे दागिने बघा. वाड्यात टांगण्याआधी ही चित्रं लोकांसाठी मांडली गेली आणि ती बघायला झुंबड उडाली. महाराजांच्या दिवाणखान्यासाठी काढलेलं काम आधी रस्त्यावरच्या माणसानं पाहिलं. बडोद्याचे दिवाण राहिलेल्या टी. माधवरावांनी तर त्याआधीच रविवर्मांना सुचवलं होतं, तुमच्या चित्रांच्या छापील प्रती काढा. १८९४ साली घाटकोपरला छापखाना सुरू झाला. घरोघरच्या देव्हाऱ्यावर लागलेल्या लक्ष्मी आणि सरस्वती त्याच छापखान्यातून निघाल्या.