करतोय, करत बसलाय, करत सुटलाय

श्रोतेहो, नमस्कार.

"आपण ऐकत आहात..." हे शब्द रेडिओवर दिवसातून कितीतरी वेळा कानावर पडतात. निवेदक ते म्हणतो तेव्हा समोर कोण आहे हे त्याला दिसत नसतं. कुणी खरोखर कान देऊन ऐकतं, कुणाचं निम्मं लक्ष हातातल्या कामात असतं, कुणी तर रेडिओ तसाच ठेवून दुसऱ्या खोलीत गेलेलं असतं. तरी निवेदक खोटं बोलला असं आपण म्हणत नाही. 'ऐकलं' म्हटलं असतं तर प्रकरण मिटलं. 'ऐकाल' म्हटलं असतं तर अजून काही घडलेलंच नाही. 'ऐकत आहात' म्हटलं की क्रियेला तोंड लागलेलं आहे, शेवट झालेला नाही, आणि मधल्या फटींचा हिशेब कुणी मागत नाही. शाळेत आपण याला अपूर्ण वर्तमानकाळ म्हणायला शिकलो. मला हे 'अपूर्ण' नाव फार नेमकं वाटतं. चालू असलेल्या गोष्टीबद्दल खात्रीने एवढंच सांगता येतं, की ती अजून पुरी झालेली नाही.

आज गप्पा याच अपूर्णाबद्दल. एखादी गोष्ट चालू आहे, हे जगातल्या निरनिराळ्या भाषा कसं सांगतात?

पहिली गोष्ट ही, की यासाठी क्रियापदाचं वेगळं रूप प्रत्येक भाषेत असतंच असं नाही. फ्रेंचमध्ये 'इल प्ले' म्हटलं की पाऊस पडतो, आणि पाऊस पडतोय, दोन्ही झालं. जर्मनचंही तसंच. अगदीच अडलं तर जर्मन माणूस 'आत्ता' या अर्थाचा एखादा शब्द जोडून देतो. रशियन भाषेची वाटणी निराळी आहे. तिथे 'चिताल' आणि 'प्रचिताल' अशी दोन रूपं. दोन्हींचा अर्थ 'वाचलं', पण दुसऱ्यात वाचून संपवल्याची ग्वाही आहे, पहिल्यात नाही. म्हणून 'वाचत होता', 'वाचायचा' आणि नुसतं 'वाचलं', हे सगळं पहिल्याच रूपात मावतं. फिनिश भाषा तर क्रियापदाला हातही न लावता हे काम करते. 'मी पुस्तक वाचलं' या वाक्यात ती 'पुस्तक' या शब्दाचा शेवट बदलते. एक शेवट लावला तर पुस्तक वाचून झालं. दुसरा लावला तर वाचन चाललं होतं, पुस्तकातलं काही वाचलं गेलं, काही राहिलं. काळाची गोष्ट कर्माच्या शेपटीला बांधायची, ही युक्ती मला अजब वाटते, पण विचार केला तर चोख आहे. काम किती झालं हे शेवटी वस्तूवरच दिसतं ना!

ज्या भाषांत खास रूप आहे, त्यांनी ते आणलं कुठून? चालू असणं बोटाने दाखवता येत नाही. म्हणून भाषा जवळचं काहीतरी उसनं घेतात, आणि सर्वांत जास्त वेळा उसनी घेतात ती जागा. वेल्शमध्ये 'ती गातेय' म्हणायचं तर शब्दशः 'ती गाण्यात आहे' असं म्हणतात. आयरिशमध्ये 'ती गाण्यापाशी आहे'. फिनिशमध्ये 'मी वाचण्यात आहे', आणि त्या 'वाचण्यात'ला 'घरात'चाच प्रत्यय. चिनी भाषेत क्रियापदाआधी 'त्साय' येतो, म्हणजे एखाद्या ठिकाणी असणं. जुन्या इंग्रजीत शिकारीला गेलेला माणूस 'अ-हंटिंग' असायचा, आणि तो 'अ' म्हणजे झिजलेला 'ऑन'. आजचं '-इंग' निव्वळ याच वाटेने आलं का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण वाट होती हे नक्की. भाषाशास्त्रज्ञ जोन बायबी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी जगभरातल्या भाषा ताडून १९९४ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही चालू क्रियेच्या बहुतेक रूपांच्या मुळाशी जागाच सापडली. आपणही 'मी कामात आहे', 'तो घाईत आहे' म्हणतोच की.

इंग्रजीचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. 'घर बांधलं जात आहे' हे सांगायला इंग्रज फार काळ 'द हाऊस इज बिल्डिंग' म्हणत, जणू घरच काहीतरी बांधतंय. 'इज बीइंग बिल्ट' हे रूप अठराव्या शतकाच्या अखेरीस रुळू लागलं, आणि पुढे कित्येक दशकं व्याकरणपंडित त्याच्यावर तुटून पडले. आज तेच रूप शाळेत घोकून घेतात.

जागेनंतर येते ती शरीराची ठेवण. स्पॅनिशमध्ये चालू क्रियेला जोडलेलं 'एस्तार' हे क्रियापद लॅटिनमधल्या 'उभं राहणे' या धातूतून आलं. डच माणूस 'तो वाचायला बसलाय', 'स्वयंपाक करायला उभा आहे', 'झोपायला आडवा आहे' अशा बांधणीतून चालू क्रिया सांगतो. दोरीवरचे कपडे तर 'वाळायला लोंबकळतायत'. हिंदीने 'रहना' धरलं. 'वह जा रहा है' हे वाक्य जरा ताजेपणाने ऐका. जातोही आहे आणि राहिलाही आहे! कानाला सवय झाली म्हणून त्यातला विरोध टोचत नाही. नागपुरी-वऱ्हाडी बोलीत हेच मराठी कपड्यांत भेटतं: "काय करून राहिला?", "येऊन राहिलो ना!" पुस्तकी मराठीवाले याला नाकं मुरडतात. मला ते रूप ऐकायला गोड लागतं, आणि भाषेच्या दृष्टीने त्यात वावगं काहीच नाही.

आता आपल्या मराठीकडे वळू, कारण मला खरं बोलायचं आहे ते इथेच. 'करतोय' हे तर आहेच, 'करतो आहे'चं आटोपशीर रूप. पण 'करत'च्या पुढे मराठी जी क्रियापदं आणून बसवते, त्यांची पंगत पाहा. 'तो विचार करत राहिला', यात चिकाटी आहे. 'विचार करत बसला', इथे बोलणाऱ्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने वेळ दवडला, उठून काहीतरी करायला हवं होतं, हे सगळं त्या 'बसला'त आलं, मग विचार करणारा प्रत्यक्षात येरझाऱ्या का घालत असेना. 'सांगत सुटला' म्हटलं की ताबा गेला; आता त्याला आवरणार कोण? 'लिहीत असतो', ही सवय, रोजचा रिवाज. 'लिहीत जा', हा वडीलधाऱ्यांचा सल्ला. 'लिहीत आलोय' म्हणताना मागे वळून सगळी वाट दिसते आणि ती पायांपाशी येऊन थांबते. आणि 'गुंता वाढत चाललाय' मध्ये दर क्षणी मागच्यापेक्षा थोडं अधिक.

म्हणजे क्रिया एकच, चालू असणंही तेच, पण बोलणाऱ्याचं त्याबद्दलचं मत जोडक्रियापदातून बाहेर पडतं. 'बसणे' हे व्याकरणाचं हत्यार आहे तसं ते टोमण्याचंही आहे. आणि हे आपल्यापुरतं नाही. डचमध्येही 'तो तक्रार करायला बसलाय' किंवा 'तक्रार करत चालतोय' म्हटलं की बहुधा ऐकणाऱ्याला वैताग ऐकू येतो. दोन भाषांचा एकमेकींशी या बाबतीत काही संबंध आलेला नाही, तरी नुसतं बसून राहणाऱ्याबद्दलची चीड दोघींनी एकाच जागी नेऊन ठेवली. स्पॅनिशमध्ये असा मोठा संसार आहे. तिथे 'एखादी गोष्ट करत नेणे' म्हणजे अमुक काळापासून ती करत असणे: 'मी तीन वर्षं शिकत नेतोय'. आणि 'पाऊस अजून पडतोच आहे' म्हणायचं तर पाऊस पडत 'पाठलाग करतो', कारण तिथे पुढे चालू राहण्याचं क्रियापद मुळात 'पाठोपाठ जाणे' या अर्थाचं आहे.

तुर्की भाषेत चालू क्रियेचा नेहमीचा प्रत्यय '-योर' हा 'चालणे' या अर्थाच्या जुन्या धातूतून उतरला. आपण 'काम चालू आहे' म्हणतो तेव्हा तिकडच्या आणि इकडच्या पायांनी एकच वाट धरलेली असते. चिनी माणूस मात्र खाली उतरतो. 'बोलत राहा' म्हणायचं तर 'बोल' या शब्दापुढे 'खाली जा' अशा अर्थाचे शब्द.

एक खाचखळगा इथे सांगायलाच हवा. परक्या माणसाला मराठी शिकवताना तो हटकून याच जागी अडखळतो. इंग्रजीत 'ही इज सिटिंग'. आपण काय म्हणू? खुर्चीत आधीच विसावलेला असेल तर 'बसलाय'. 'बसतोय' म्हणजे गुडघे वाकवून तो आत्ता खाली येतोय. तसंच 'झोपलाय', 'उभा राहिलाय', 'थकलाय'. जे इंग्रजीला चालू दिसतं ते आपल्याला एका झालेल्या घटनेची टिकून असलेली स्थिती म्हणून दिसतं. जपानी याहून पुढे जाते. तिथे '-ते इरु' हे एकच रूप दोन्ही कामं करतं. 'खाणे' या क्रियापदाला लावलं तर 'खातोय', पण 'मरणे'ला लावलं तर 'मेलेला आहे', 'लग्न करणे'ला लावलं तर 'विवाहित आहे'. ज्या क्रियेला लांबी आहे ती ताणली जाते. जी क्षणात होऊन जाते तिची फक्त नंतरची अवस्था ताणता येते. जपानी शिकणाऱ्याने 'तो मरतोय' समजून धावपळ करावी, तर समोरचा केव्हाच गेलेला!

सर्वांत भाबडी आणि कदाचित सर्वांत जुनी युक्ती म्हणजे शब्दच लांबवणं, दुमडणं. फिलिपिन्समधल्या तागालोगमध्ये 'कुमाइन' म्हणजे खाल्लं, आणि 'कुमाकाइन' म्हणजे खातोय. मधला 'का' पुन्हा आला, क्रिया लांबली. मराठी बोलणारा हे नियम म्हणून शिकत नाही, पण करतो सारखं. 'वाट बघ बघ बघितली', 'शोध शोध शोधलं', 'बोलता बोलता', 'रडून रडून डोळे सुजले'. गोष्ट सांगताना तर 'राजपुत्र चालला, चालला, चालला...' असं म्हणत सांगणारा श्रोत्याला खरोखर तेवढं चालवतो.

आता सुरुवातीच्या फटींकडे जाऊ. पाणिनीचं एक सूत्र आहे, 'वर्तमाने लट्'. लट् म्हणजे वर्तमानकाळाचे प्रत्यय, ते चालू काळासाठी लावावेत. यावर पतंजलीच्या महाभाष्यात चर्चा रंगते. 'आम्ही इथे अध्ययन करतो', 'आम्ही इथे राहतो', 'आम्ही इथे पुष्यमित्राचा यज्ञ करतो आहोत', ही तिथली उदाहरणं. शंका अशी, की विद्यार्थी काही अष्टौप्रहर अध्ययन करत नाही. मग तो जेवायला उठला असताना 'अध्ययन करतो' हे खरं कसं? उत्तर मासलेवाईक आहे. 'देवदत्त जेवतो' या वाक्यात तर तुम्हाला शंका नाही ना? पण तोही जेवता जेवता हसतो, बोलतो, पाणी पितो. तिथे चालतं, तर इथेही चालू द्या. आरंभ झाला आणि अजून सोडलं नाही, एवढं पुरे. पुढे विचारलं जातं ते पर्वत आणि नद्यांबद्दल. 'पर्वत उभे आहेत', 'नद्या वाहतात', जिथे आरंभ-शेवट दिसतच नाहीत तिथे वर्तमान कशाला म्हणायचं? एक मत तर असंही नोंदवलं आहे, की वर्तमानकाळ असा काही नसतोच.

यातल्या यज्ञाच्या वाक्याला पुढे वेगळंच महत्त्व आलं. पुष्यमित्र शुंग इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला राजा. त्याचा यज्ञ 'करतो आहोत', म्हणजे सुरू झाला आणि संपला नाही, असं ज्याअर्थी पतंजली लिहितो त्याअर्थी तो त्या राजाचा समकालीन, असा युक्तिवाद रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७२ मध्ये मांडला. एका चालू वर्तमानकाळावरून माणसाचा काळ ठरवायचा! त्यावर आक्षेपही आले. मलाही व्याकरणातल्या उदाहरणाला रोजनिशी मानताना थोडं अवघडल्यासारखं होतं, कारण अशी वाक्यं गुरूकडून शिष्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तशीच जातात. पण भांडारकरांनी अचूक जागी बोट ठेवलं होतं हे मानावंच लागतं. महाभाष्यात त्या वाक्याचं काम अपूर्णता दाखवण्याचंच होतं.

राहता राहिला 'अजून'. हा शब्द बारकाईने पाहा. 'अजून पाऊस पडतोय', 'अजून आला नाही', 'अजून एक दे'. तीन वेगळी कामं. जर्मनचा 'नोख' नेमकी हीच तिन्ही करतो. इटालियन 'अंकोरा' तीही करतो, आणि वर 'पुन्हा' असाही अर्थ देतो. 'अद्याप' तर उघडच 'अद्य अपि', आजही. झुलू भाषेला वेगळा शब्दसुद्धा लागत नाही. 'उयासेबेन्झा' म्हणजे तो काम करतो, 'उसासेबेन्झा' म्हणजे तो अजून काम करतो. 'या'च्या जागी 'सा' आला, बस्स. त्यालाच नकार जोडला की 'अकासासेबेन्झी', आता करत नाही, पूर्वी करत असे.

इंडोनेशियनमध्ये तर साध्या 'नाही'हून वेगळा 'बलुम' आहे, म्हणजे 'अजून नाही'. लग्न झालंय का, असं कुणी विचारलं आणि झालेलं नसलं, तर तिथे सहसा 'नाही' म्हणत नाहीत. 'बलुम' म्हणतात, मग वय काहीही असो, आणि बेत असो वा नसो.

नमस्कार.