मेंटॉर व्हायचंय? आधी बारा महिन्यांचं कॅलेंडर काढा

नमस्कार मंडळी! कमेंटमध्ये तोच प्रश्न सारखा येतोय: मेंटॉर, म्हणजे एका मुलाला ठरावीक दिवशी भेटून सोबत करणारा मोठा माणूस, मिळाल्यानं पोरांना खरंच फायदा होतो का?

होतो. अमेरिकेतल्या ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या मुलांना मेंटॉर जोडून देणाऱ्या संस्थेच्या 959 मुलांचा अभ्यास 1995 साली आला. वय 10 ते 16. निम्म्यांना लगेच मेंटॉर दिला, बाकीच्यांना थांबवलं. दीड वर्षानं मेंटॉरवाल्या मुलांत ड्रग्जला सुरुवात होण्याची शक्यता 46 टक्क्यांनी कमी दिसली, शाळेला दांडी मारण्याची 52 टक्क्यांनी.

पालकांची लेखी परवानगी, पोलीस व्हेरिफिकेशन, चारचौघांत भेटायची जागा, हे तुम्हाला माहीतच आहे. पुढं जाऊ.

घोळ होतो तो इथं: जूनमध्ये सुरू, दिवाळीत बंद. असं करू नका हो! 2002 मध्ये तीच माहिती पुन्हा तपासली. वर्षभर टिकलेल्या मेंटॉर-मुलाच्या जोड्यांत मुलांचा सगळ्यात जास्त फायदा झाला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांत मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट घसरला. म्हणजे अर्धवट सोडणं हे न करण्यापेक्षा वाईट.

आता आपल्या सोलापुरात बघा. आई विड्या वळते, बाप लूमवर रात्रपाळीला, मुलगी नववीत. आई विड्या जमा करायला गेली की धाकट्याला हीच सांभाळते. तुम्ही परस्पर ‘रविवारी दहाला ये’ म्हणालात, ती दोनदा आली नाही, की लगेच ‘हिला गरजच नाही’. अहो, तिची वेळ विचारली होती का? आधी घरी जा, आईबापाच्या कामाच्या वेळा विचारा, मग वार ठरवा.

आणि कॅलेंडरवर लिहूनच काढा. जानेवारीत गड्ड्याची जत्रा, मार्चमध्ये परीक्षा, मेमध्ये तुम्ही गावाला. या खाड्यांच्या तारखा मुलाला आधीच सांगायच्या.

‘एकाला दहा मुलं चालतील का?’ ती शिकवणी झाली. एकाला एकच.

‘पोरगं बोलतच नाही.’ समोर बसवून प्रश्न विचारल्यावर कोण बोलेल? शेजारी बसा, हाताला काम द्या. शिष्यवृत्तीचा फॉर्म घ्या. आधारवर आडनावाचं स्पेलिंग एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, फॉर्म तिथंच अडकतो. तुम्ही भरू नका, त्याला भरू द्या. तासाभरात घरचं बोलायला लागेल.

बदली झाली, थांबावंच लागलं, तर चार भेटी आधी सांगा. मुलाला स्वतः सांगा, आईच्या फोनवर मेसेज टाकून नाही. शेवटच्या भेटीत नवा मेंटॉर सोबत न्या.