विशेषनामाचं सामान्यनाम होताना

मित्रहो, शाळेच्या व्याकरणात विशेषनाम आणि सामान्यनाम असे दोन वेगळे कप्पे आपण शिकलो. पण काही माणसांची नावं एका कप्प्यातून उठून दुसऱ्यात जाऊन बसली. गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच जणांना हे नकोच होतं.

बॉयकॉटचंच घ्या. 1880 साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. पीक बुडालं होतं, कुळं खंडात सूट मागत होती आणि हा गृहस्थ त्यांना बेदखलीच्या नोटिसा बजावत होता. पार्नेल या पुढाऱ्याने त्याच सप्टेंबरात एनिसच्या सभेत सांगितलं होतं, बेदखल कुळाची जमीन जो घेईल त्याला वाळीत टाका. लोकांनी ते हत्यार थेट कारभाऱ्यावरच चालवलं. मजूर निघून गेले, दुकानदार माल देईनात, लोहारसुद्धा फिरकेना. शेवटी पीक काढायला बाहेरून 50 स्वयंसेवक आणले आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे 1,000 शिपाई! सुमारे 500 पौंडांच्या पिकापायी 10,000 पौंड खर्च झाल्याचा तेव्हाचा अंदाज आहे. पिकापेक्षा बंदोबस्तच महाग. डिसेंबर उजाडताच बॉयकॉटने आयर्लंड सोडलं, पण वर्ष संपायच्या आत त्याचं नाव वर्तमानपत्रांत क्रियापद म्हणून छापून येऊ लागलं होतं. त्यानंतर तो 1897 पर्यंत जगला. म्हणजे स्वतःच्या नावाने दुसऱ्यांवर टाकलेले बहिष्कार त्याने सतरा वर्षं पाहिले!

गिलोटिन या शिरच्छेदाच्या यंत्राची गोष्ट मला जास्त अन्यायाची वाटते. डॉक्टर गियोतँ देहदंडाच्याच विरोधात होते. शिक्षा द्यायचीच तर ती यातनांविना आणि सर्वांना सारखी द्या, एवढंच त्यांनी 1789 मध्ये सभागृहात मांडलं. यंत्राचा आराखडा आंत्वान लुई या शल्यवैद्याचा. सुरुवातीला लोक त्याला 'लुईझेत' म्हणतही होते, पण टिकलं ते गियोतँचं नाव. त्याच यंत्राखाली ते मेले असंही सर्रास सांगतात. साफ खोटं! ते 1814 मध्ये आजाराने गेले.

डिझेलकडे वेगळ्या नजरेने पाहायला हवं. रुडॉल्फ डिझेलने इंजिन बनवलं, तेल नव्हे. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या पद्धतीचं एक इंजिन तर शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं. पण आज 'डिझेल भरा' म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे इंजिन येत नाही. नाव यंत्रावरून घसरून टाकीत पडलं. तो स्वतः 1913 मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावरून रात्रीतून नाहीसा झाला.

वॉट, व्होल्ट, अँपिअर या एककांमागे तीन माणसांची नावं आहेत, हे आपल्याला ठाऊक असतं. पण रोमन लिपीत निदान खूण उरते: एककाचं नाव छोट्या अक्षराने लिहितात, चिन्ह मात्र मोठ्या अक्षरात. देवनागरीत मोठं-छोटं अक्षरच नाही. त्यामुळे माणूस आपल्याकडे येतो तोच शब्द होऊन. अल्गोरिदममध्ये तर आणखी एक पापुद्रा आहे. नवव्या शतकात बगदादला काम करणाऱ्या अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाचं ते लॅटिन उच्चारातून आलेलं रूप, आणि 'ख्वारिझ्मी' म्हणजे ख्वारिझ्म प्रांताचा. माणसाच्या नावाखाली मुलूख निघतो.

आणि बोगनवेल! यात तर आपण चक्क 'वेल' ऐकतो. मुळात तो बूगँव्हिल, फ्रेंच दर्यावर्दी. 1767 मध्ये त्याच्या मोहिमेतल्या कॉमर्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाला ही वनस्पती रिओ द जानेरोजवळ सापडली. त्याच्यासोबत मदतनीस म्हणून जान बारे होती, पुरुषाच्या वेषात, कारण जहाजावर बायकांना बंदी होती. पृथ्वीप्रदक्षिणा केलेली पहिली ज्ञात स्त्री ती हीच. वेलीला नाव मात्र कप्तानाचं मिळालं. बारेच्या नावाची वनस्पती व्हायला 2012 साल उजाडलं, आणि तीही अजून फक्त अभ्यासकांच्या यादीत आहे.