लोणेरे: पंधरा सेंटीमीटरचा ठोकळा

महामार्ग ६६ वर माणगाव सोडून महाडकडे निघालं की वाटेत लोणेरे लागतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ इथलंच, १९८९च्या कायद्याने स्थापन झालेलं राज्य सरकारचं विद्यापीठ. इथल्या अभ्यासक्रमांत कोकणात घर बांधणाऱ्याला सगळ्यात जवळचा विषय स्थापत्य (सिव्हिल) अभियांत्रिकी. काँक्रीट किती दाब सोसतं हे पाहणारी, त्यात शिकावी लागणारी ठोकळ्याची चाचणी दिसते साधी, पण हात चुकला की आकडाही चुकतो.

(दृश्य: तेलाचा हात फिरवलेला लोखंडी साचा)

साचा १५० मिलिमीटरचा. माल तीन थरांत भरायचा, दर थराला १६ मिलिमीटर जाडीच्या सळईने ३५ ठोके. ठोके कमी पडले की कोपऱ्यांत मधाच्या पोळ्यासारखी भोकं राहतात. हवा १ टक्का जास्त राहिली तरी ताकद साधारण ५ टक्क्यांनी घटते. २४ तासांनी साचा सोडायचा आणि ठोकळा २८ दिवसांचा होईपर्यंत २७ अंशांच्या स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवायचा. साइटवर तो उन्हात पडून राहतो, नाहीतर विहिरीच्या मचूळ पाण्यात जातो.

(दृश्य: काचेच्या नळीत वाळूचं पाणी)

खाडीची वाळू ऊर्ध्वपातित पाण्यात हलवून गाळली आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे चार थेंब टाकले, की दह्यासारखा पांढरा साका दिसतो, म्हणजे वाळूत मीठ आहे. हे मीठ काँक्रीटपेक्षा सळईला जास्त गाठतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आतून रेटा बसतो आणि स्लॅबचे पोपडे सुटतात. म्हणूनच भारतीय मानक ४५६ किनाऱ्यावरच्या आरसीसीला किमान एम-३० प्रतीचं (चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन दाब सोसणारं) काँक्रीट, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५च्या आत आणि सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण (कव्हर) सांगतं. माल सरकत नाही म्हणून मिक्सरमध्ये ओतलेली बादलीभर पाण्याची भर हे प्रमाण मोडते.

(दृश्य: दाब-यंत्राचा काटा)

ठोकळा ओला असतानाच यंत्रात ठेवायचा. भरताना वर असलेली बाजू आता कडेला, दाब साच्याच्या गुळगुळीत बाजूंवर. वेग मिनिटाला चौरस सेंटीमीटरमागे १४० किलो. घाई केली तर आकडा उगाच जास्त येतो. एम-३०साठी काटा ६७५ किलोन्यूटनपर्यंत जायला हवा.

नीट बसवलेला ठोकळा चारही बाजूंनी सारखा फुटतो आणि मधोमध डमरूसारखा आकार राहतो. एकाच बाजूचा लचका निघाला, तर ठोकळा तिरका होता किंवा यंत्राच्या दाब देणाऱ्या पट्ट्या घाणेरड्या. तो आकडा धरायचा नाही, पट्ट्या पुसून पुढचा ठोकळा लावायचा.