पाकिटावरचे चौदा आकडे

पहाटे पाचला डोंबिवलीतल्या या स्वयंपाकघरात कढई चढते. दिवाळीला तीन आठवडे आहेत. काकू सोऱ्यातून पहिली चकली झाऱ्यावर पाडतात, अलगद तेलात सोडतात आणि नुसत्या बघत राहतात. मोहन जास्त झालं असेल तर ती तेलातच विरघळेल, कमी पडलं असेल तर दाताखाली कडक लागेल. पहिली नीट उतरली की मगच बाकीच्या पिठाला हात.

हा फराळ विकला जातो, त्यामुळे कायद्याच्या लेखी हे घर म्हणजे अन्न व्यवसाय. 'आम्ही ओळखीतच देतो', 'फक्त सीझनला करतो' असं म्हणून यातून सुटता येत नाही.

कायदा आहे अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006. 1954 च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा त्याने घेतली. त्याखालचे परवान्याचे नियम 5 ऑगस्ट 2011 ला लागू झाले आणि त्यात लहान विक्रेत्याचा खरोखर विचार केला होता, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असेल तर परवाना नको, फक्त नोंदणी पुरे, असं या नियमांनी तेव्हा ठरवलं. फी वर्षाला 100 रुपये ठेवली होती. अधिकाऱ्याने अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यायचं. तीस दिवसांत काहीच कळवलं नाही तर व्यवसाय सुरू करायला मोकळीक.

तरी भीती असतेच. नोंदणी केली की मागे लागतील, दंड होईल, असं काकूंनाही वाटायचं. एका एजंटाने याच कामाचे अडीच हजार मागितले होते. शेवटी भाचीने मोबाईलवर अर्ज भरून दिला. फोटो, ओळखपत्र, झालं.

नोंदणीनंतर मात्र जबाबदारी येते. पाणी पिण्यायोग्य हवं, नखं कापलेली, केस झाकलेले, कचऱ्याच्या डब्याला झाकण. संसर्गजन्य आजार असलेल्याने अन्नाला हात लावायचा नाही. मागच्या वर्षी काकूंना कावीळ झाली, तेव्हा ऐन दिवाळीत त्यांनी सगळ्या ऑर्डरी परत केल्या. अनारशाचं पीठ तयार होतं, तेही टाकून दिलं. तो तोटा त्यांना आजही आठवतो, पण बोलताना आवाजात पश्चात्ताप नसतो.

दुपारी पाकिटं भरायची. लेबलवर घटक पदार्थ, वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खायचं ते, शाकाहारीची हिरवी खूण, घरचा पत्ता आणि नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक. भाजणीत तीळ आहेत, हेही लिहिलेलं. तिळाची ॲलर्जी असलेल्या नातवासाठी एका आजोबांनी फोनवर विचारलं होतं, तेव्हापासून काकू ते अक्षर मोठं छापून घेतात.

पहिलं पाकीट सील झालं. आता शंकरपाळ्यांचं पीठ मळायला घ्यायचं आहे.