पुढच्या टेबलासाठी काढलेलं चित्र

(कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

टीव्हीसाठी स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रत्येक शॉट आधी चित्रांत मांडलेला आराखडा, काढायचा तर रोज उठून नेमकं काय करायचं, ते आज बघू. सुरुवातीलाच एक सांगतो, म्हणजे अपेक्षांचा घोळ होणार नाही. संध्याकाळच्या घरगुती मालिकांमध्ये स्टोरीबोर्ड जवळजवळ नसतोच. तिथे सेट ठरलेला असतो, कॅमेरे लावलेले असतात आणि डिरेक्टर शॉट तिथल्या तिथे लावतो. पौराणिक मालिकेतलं युद्ध, व्हीएफएक्सचे प्रसंग, शीर्षकगीत, प्रोमो एवढ्यापुरती आपली आठवण होते. जाहिरातीत बोर्ड लागतो, पण ३० सेकंदांच्या फिल्मला पंधरा-वीस चित्रं पुरतात आणि ती क्लायंटला दाखवायची म्हणून रंगवलेली, देखणी लागतात. बोर्ड आर्टिस्टला महिनोन् महिने काम देतं ते टीव्हीचं ॲनिमेशन. म्हणून पुढचं सगळं त्याबद्दल.

लहान मुलांच्या मालिकेचा एक भाग साधारण ११ मिनिटांचा असतो आणि असे दोन जोडून अर्ध्या तासाचा स्लॉट भरतो. ११ मिनिटं म्हणजे ६६० सेकंद. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर १६,५०० फ्रेम. एक शॉट सरासरी तीन सेकंदांचा धरा, २२० शॉट झाले. प्रत्येक शॉटमध्ये पात्राच्या हालचालीची सुरुवात, मधली मुद्रा आणि शेवट अशी तीन चित्रं म्हटली तरी ६६० पॅनेल (बोर्डातली एकेक चित्रं) होतात, मारामारीचा भाग असेल तर कितीतरी जास्त. रफ चित्रं क्लीन, म्हणजे स्वच्छ, करायला दोन आठवडे, म्हणजे कामाचे बारा दिवस मिळाले, तर दिवसाला ५५ पॅनेल. आठ तासांच्या दिवसात एका पॅनेलला नऊ मिनिटंही येत नाहीत. या नऊ मिनिटांत बोटांची नखं काढायची नसतात. पात्र कुठे उभं आहे, कुठे बघतंय, वजन कुठल्या पायावर आहे आणि कॅमेरा किती लांब आहे, एवढं वाचता आलं की पॅनेल झालं.

आता हे वाचणार कोण? शॉटची पक्की मांडणी करणारा लेआउटवाला, बॅकग्राउंड रंगवणारा, ॲनिमेटर, एडिटर. यांतल्या बहुतेकांची तुमची भेट कधीच होत नाही. तुमचा ४१ नंबरचा शॉट एका ॲनिमेटरकडे जातो, ४२ दुसऱ्याकडे, आणि दोघं एकाच सकाळी कामाला लागतात. चित्रात जे संदिग्ध राहिलं, ते प्रत्येक जण आपापल्या समजुतीने भरून काढतो. रीटेकची, म्हणजे पुन्हा कराव्या लागणाऱ्या शॉटची, यादी बघितली तर तिच्यातल्या कितीतरी चुका बोर्डातच बसलेल्या सापडतात. पुढच्या टेबलावरच्या माणसाला उठून तुमच्याकडे प्रश्न विचारायला यावं लागलं नाही, की तुमचा बोर्ड चांगला. आम्ही हीच कसोटी मानतो.

कामाला लागायच्या आधी स्क्रिप्टबरोबर मॉडेल शीट (पात्र कसं दिसतं ते दाखवणारा तक्ता), लोकेशनची डिझाइन आणि आवाजाचा ट्रॅक मागून घ्या. पक्कं रेकॉर्डिंग झालेलं नसेल तर स्टुडिओतल्याच कुणाकडून संवाद वाचून घ्या आणि त्यावर काम करा. आवाज नसताना काढलेल्या बोर्डाची लांबी हमखास चुकते.

पहिली पायरी थंबनेल. स्क्रिप्टच्या समासात काडेपेटीएवढे चौकोन पाडायचे आणि काडीची माणसं काढायची. नवशिके ही पायरी गाळतात आणि थेट टॅबलेटवर नीटनेटकं चित्र काढायला बसतात. तोटा असा, की दोन तास घालवलेलं चित्र पुसायला हात धजत नाही. काडेपेटीएवढ्या चौकोनांत एका प्रसंगाच्या तीन वेगळ्या मांडण्या वीस मिनिटांत होतात आणि वाईट दोन सहज फेकता येतात. डिरेक्टरला इथेच एकदा दाखवून घ्या.

एक उदाहरण घेऊ. स्क्रिप्टमध्ये ओळ आहे : 'पन्नास गावकरी हंडे-कळशा घेऊन विहिरीकडे धावतात.' लेखकाला ही ओळ लिहायला दहा सेकंद लागली असतील. ती तशीच वाइड शॉटमध्ये काढली तर पन्नास पात्रं धावताना ॲनिमेट करावी लागतील, आणि त्या एका शॉटवर ॲनिमेटरचे कित्येक दिवस जातील. मग बोर्डात काय करायचं? पहिला शॉट गावाच्या वेशीचा. चित्र स्थिर, मागून धुळीचा लोट येतोय आणि आरडाओरडा फक्त आवाजात. दुसरा शॉट जवळून : चार कळशा वरखाली होत फ्रेममधून जातात, माणसं कमरेच्या वर दिसतच नाहीत. ही हालचाल फिरून फिरून वापरता येते. तिसरा शॉट विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या आपल्या नायकाचा. त्याच्या चेहऱ्यावरून सावल्या सरकतात आणि तो दोन पावलं मागे सरतो. गर्दी दाखवली, घबराट दाखवली, आणि खरं ॲनिमेशन एकाच पात्राचं करावं लागलं. प्रसंग तर उलट चढला, कारण आता प्रेक्षक नायकाच्या चेहऱ्याकडे बघतोय. खर्च कमी करण्याचा विचार आणि गोष्ट नीट सांगण्याचा विचार इतक्या वेळा एकाच ठिकाणी येऊन पोचतात, की मला या कामाचं सगळ्यात मोठं सुख तेच वाटतं.

काय महाग आणि काय स्वस्त, हे मात्र तंत्राप्रमाणे बदलतं. २००८ मध्ये सुरू झालेला 'छोटा भीम' टूडी, २०१२ चा 'मोटू पतलू' थ्रीडी. लहान मुलाला फरक जाणवणारही नाही, बोर्डवाल्याला तो पहिल्या पॅनेलपासून जाणवतो. टूडी कट-आउटमध्ये, म्हणजे सुटे भाग जोडून पात्र हलवतात त्या तंत्रात, पात्राचा रिग (हलवता येणारा सांगाडा) ठरावीक कोनांतून बनवलेला असतो : समोरून, पाऊण, बाजूने, पाठमोरा. तुम्ही झाडावरून खाली बघणारा टॉप अँगल काढलात की रिग निकामी होतो आणि ते पात्र हाताने नव्याने काढावं लागतं. थ्रीडीत कॅमेरा झाडावर नेणं फुकट आहे. पण तिथे पात्राने सदरा बदलला, चिखलात लोळलं किंवा मडकं फोडलं, तर नवीन मॉडेल किंवा सिम्युलेशन (कॉम्प्युटरने हिशोब करून घडवलेली हालचाल) लागतं. टूडीत तेच काम दोन-चार चित्रांत भागतं. दोन्हीकडे महाग असतात त्या गोष्टी म्हणजे एका पात्राने दुसऱ्याला उचलणं, मिठी मारणं, आणि पंगतीत बसून जेवणं. हात, घास, तोंड असा स्पर्श आला की वेळ जातो. अख्ख्या ११ मिनिटांत असे किती शॉट ठेवता येतील, ते डिरेक्टरला आधीच विचारून ठेवा आणि ते शॉट जिथे गोष्टीला खरंच हवेत तिथेच वापरा.

थंबनेलनंतर काढायच्या रफ बोर्डात जास्तीत जास्त चुका होतात त्या दोन जागी. एक, ॲक्शन लाईन. समोरासमोर बोलणाऱ्या दोन पात्रांमधून एक रेघ कल्पा आणि कॅमेरा रेघेच्या एकाच बाजूला ठेवा. तो पलीकडे गेला की डावीकडे बघणारा अचानक उजवीकडे बघायला लागतो आणि दोघं एकाच दिशेला तोंड करून बोलताहेत असं वाटतं. रेघ ओलांडायचीच असेल तर प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत ओलांडा : पात्राला चालत पलीकडे न्या, किंवा मध्ये बरोबर रेघेवरून घेतलेला, कुठल्याच बाजूचा नसलेला शॉट टाका. तीन पात्रं असली की रेघा तीन होतात. तेव्हा आधी कागदावर वरून दिसणारा नकाशा काढा, त्यात प्रत्येक शॉटच्या नंबराने कॅमेरा मांडा, मगच पॅनेलला हात लावा.

दुसरी जागा हुकअप. एका शॉटच्या शेवटी पात्र ज्या मुद्रेत आहे, त्याच मुद्रेत ते पुढच्या शॉटच्या सुरुवातीला हवं. टोपली डाव्या हातात होती की उजव्या? बसायला सुरुवात केली होती की पूर्ण बसला होता? मघाशी सांगितलं तसे दोन ॲनिमेटर वेगवेगळे असतात, त्यामुळे शॉटचं शेवटचं पॅनेल आणि पुढच्याचं पहिलं पॅनेल या दोनांवर अजिबात काटकसर करू नका. मधली एखादी मुद्रा राहिली तर चालेल.

वेळेचा अंदाज स्टॉपवॉच हातात धरून, स्वतः हालचाल करून घ्यायचा. साधी चाल सेकंदाला दोन पावलं. अंगण ओलांडायला दहा पावलं लागत असतील तर पाच सेकंद जाणार, आणि पाच सेकंद कुणी नुसतं चालताना बघणार नाही. म्हणून पहिली दोन पावलं दाखवा, कट करा, आणि पुढच्या शॉटमध्ये पात्राला दारात पोचवा. मुद्रा वाचायला प्रेक्षकाला अर्धा सेकंद तरी द्या. विनोद पडतो तो बहुतेकदा हा अर्धा सेकंद खाल्ल्यामुळे.

कॅमेरा हलत असेल तर सुरुवातीची फ्रेम ए, शेवटची बी, असे दोन चौकोन एकाच चित्रावर काढून बाण दाखवतात. यात बॅकग्राउंडवाल्याचा विचार करा. बी चौकोनाची रुंदी ए च्या एक तृतीयांश असेल, तर १,९२० पिक्सेलऐवजी बॅकग्राउंड ५,७६० पिक्सेल रुंद रंगवावं लागेल, नाहीतर शेवटी चित्र फुटेल. हे पॅनेलखाली लिहायलाच हवं. अक्षरं आणि महत्त्वाच्या वस्तू कडेपासून पाच टक्के आत ठेवा, म्हणजे १,९२० × १,०८० च्या चौकटीत आडवे ९६ आणि उभे ५४ पिक्सेल. वरच्या कोपऱ्यात बहुधा चॅनेलचा लोगो बसतो. तिथे पक्षी बसवाल तर तो कुणालाच दिसणार नाही. आणि दुकानाच्या पाटीवर, चिठ्ठीवर अक्षरं शक्यतो टाळाच. आपल्या मालिका हिंदी, तमिळ, तेलुगू अशा अनेक भाषांत डब होतात, प्रत्येक भाषेसाठी ती पाटी बदलत बसावी लागते. चिठ्ठीत काय आहे ते पात्राला मोठ्याने वाचू द्या. डबिंगमुळेच, लांबलचक वाक्य तोंडाच्या अगदी जवळच्या शॉटवर टाकू नये. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कट केला की कुठल्याही भाषेतलं वाक्य बसतं.

पॅनेलखालच्या नोंदी छोट्या आणि क्रियापदांच्या हव्यात. 'गण्या चिडतो' यावरून ॲनिमेटरला काहीच कळत नाही. 'गण्या थांबतो, डोळे बारीक करतो, मग वळतो' हे त्याला करता येतं. शॉट मध्येच वाढला तर ४२ए असा नंबर द्या, पुढचे सगळे नंबर बदलू नका. काढून टाकलेल्या शॉटचा नंबर ओमिट (वगळला) लिहून तसाच ठेवा, दुसऱ्याला देऊ नका. पुढे सगळ्या फाइली त्याच नंबरांनी शोधल्या जातात.

मग ॲनिमॅटिक : पॅनेल आवाजावर लावून केलेला व्हिडिओ. टून बूमच्या स्टोरीबोर्ड प्रोमध्ये बोर्ड आणि टाइमलाईन एकत्रच असतात, म्हणून मोठे स्टुडिओ ते वापरतात. घरी सराव करायला ब्लेंडरचं ग्रीस पेन्सिल फुकट मिळतं. पहिल्या ॲनिमॅटिकची लांबी एक मिनिटभर जास्त भरली तरी घाबरू नका, एडिटरला कापायला माल लागतो. मात्र सगळी कापाकापी इथेच संपली पाहिजे. ॲनिमेशन झाल्यावर कापलेला प्रत्येक सेकंद म्हणजे कुणाची तरी वाया गेलेली मेहनत.

सुरुवातीचं काम बहुधा करेक्शनचं मिळतं : दुसऱ्याच्या बोर्डात डिरेक्टरने सांगितलेले बदल करायचे. शिकायला याहून चांगली जागा नाही, कारण काय चुकलं आणि ते कसं सुधारलं हे रोज शेजारी शेजारी दिसतं. त्यासाठीही आधी बोर्ड टेस्ट होते. स्क्रिप्टचं एखादं-दुसरं पान आणि मॉडेल शीट देतात, थोडे दिवस देतात. तपासणारा आधी संवाद न वाचता नुसती पॅनेल चाळतो आणि गोष्ट कळते का ते बघतो. मग रेघ, हुकअप, आणि पात्र मॉडेल शीटसारखं दिसतं का. पोर्टफोलिओत रंगवलेली सुटी चित्रं घालण्यापेक्षा दोन-तीन मिनिटांचे दोन प्रसंग घाला, एक संवादाचा आणि एक हालचालीचा, पीडीएफ आणि ॲनिमॅटिक दोन्ही. टेस्टबरोबर थंबनेलचं पानही जोडा. कुठल्या मांडण्या तुम्ही टाकून दिल्या, ते तपासणाऱ्याला त्यातूनच कळतं.