दगडाखालचा ओलावा

पडद्यावर दिसणारा, रॉक गार्डनमधला म्हणजे दगड रचून केलेल्या शिलोद्यानातला हा दगड गुडघ्याएवढा उंच भासतो, परंतु त्याचा जवळजवळ निम्मा भाग मातीत गाडलेला आहे. घरी रॉक गार्डन करताना अनेकांची चूक नेमकी इथेच होते. मातीचा ढीग रचून त्यावर दगड नुसते टेकवले, तर पहिल्याच जोरदार पावसात माती वाहून जाते, दगड डळमळू लागतात आणि रोपांची मुळे उघडी पडतात.

भर उन्हात, वरची माती कोरडी ठणठणीत असताना, पहारीने असा एखादा पुरलेला दगड किंचित उचलून पाहावा. त्याची खालची बाजू गार आणि ओलसर लागते आणि त्या ओलाव्याच्या शोधात आलेली दोऱ्यासारखी पांढरी मुळे दगडाच्या अंगाला चिकटलेली दिसतात. या बागेत दगड मांडायचे ते आधी या मुळांसाठी. शोभा त्यामागोमाग येते.

दगड शक्यतो एकाच जातीचे घ्यावेत. लंडनच्या चेल्सी फिजिक गार्डन या औषधी वनस्पतींच्या जुन्या बागेत १७७३ साली पूर्ण झालेल्या शिलोद्यानात आइसलँडहून जहाजाने आलेला लाव्हा आणि टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यातले जुने चिरे एकत्र बसवलेले आहेत. ते मोलाचे आहे, पण घरच्या लहान जागेत असे मिश्रण भंगारासारखे दिसते. सर्वांत मोठा दगड आधी बसवावा, सगळ्यांच्या थरांच्या रेषा एकाच दिशेला ठेवाव्यात आणि प्रत्येक दगडाला मागच्या बाजूला थोडा उतार द्यावा, म्हणजे त्याच्यावर पडलेले पाणी पुढे ओघळून न जाता मागच्या मातीत मुरते. बसवलेल्या दगडावर उभे राहून पाहावे. तो हलला, तर पुन्हा उकरून बसवण्याचा कंटाळा करू नये.

मुरलेले पाणी साचून राहता कामा नये, म्हणून जमीन चिकणमातीची असेल तर तळाशी विटांच्या तुकड्यांचा वीतभर थर हवा. वरच्या मिश्रणात माती, जाड वाळू आणि बारीक खडी सारख्या प्रमाणात असावी आणि खत अगदी बेताने घालावे, कारण सकस मातीत रॉक गार्डनची रोपे फोफावतात आणि त्यांचा मूळचा आटोपशीर बांधा हरवतो. भरलेली माती दोन-तीन आठवडे बसू द्यावी, मगच रोपे लावावीत.

सेम्परव्हिव्हम या जाड, रसाळ पानांच्या वनस्पतीची रोपे मात्र दगड रचतानाच दोन दगडांमधल्या उभ्या फटीत लावावीत. त्यांच्या पानांचा झुबका आडवा राहतो, त्यात पाणी थांबत नाही आणि रोप सडण्याची भीती कमी होते. सेडम आणि हॉवर्थिया याही रसाळ पानांच्याच वनस्पती. पसरणारे सेडम वरच्या कडेला लावावे, म्हणजे ते दगडावरून खाली उतरते. हॉवर्थियाला दगडाच्या आडोशाची सावली मानवते. कुंडीतून काढलेल्या रोपाच्या मुळांभोवतीचा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) हलक्या हाताने झटकावा, नाहीतर मुळे त्या ओल्या गोळ्यातच घुटमळत राहतात. शेवटी खोडाच्या बुंध्याभोवती दोन-तीन सेंटीमीटर जाडीचा खडीचा थर द्यावा. त्यामुळे बुंधा कोरडा राहतो आणि तणही कमी उगवते.

पहिला पावसाळा सरला की फटींमधली माती खाली बसलेली आढळते. तिथे याच मिश्रणाची मूठ-मूठ माती बोटाने दाबून भरावी आणि उघडी पडलेली मुळे पुन्हा झाकावीत.